हलके चाक, बेताचा खर्च : छोट्या मोटारीच्या ऑटोक्रॉससाठी चाकांची निवड

कवठे महांकाळ, जत, आटपाडी या सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसाला चाकाच्या वजनाचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर या भागातील माळांवर पुन्हा गुलाल उधळू लागला. ऊस आणि कडबा वाहणारी गाडी शर्यतीला जुंपायची नसते आणि शर्यतीची गाडी हलकीच हवी, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच माळावर आता मोटारीची हौस असलेल्या तरुणांची पिढी उभी राहत आहे. घरातील जुनी मारुती ८००, झेन किंवा स्विफ्ट घेऊन ऑटोक्रॉसमध्ये उतरावे, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. अशा वेळी सर्वांत आधी खिशात हात जातो तो चकचकीत अलॉय चाकांसाठी, आणि बहुतेकदा पैसे वाया जातात तेही तेथेच. हलके चाक म्हणजे नेमके काय, त्याचा फायदा किती आणि तो कमी खर्चात कसा मिळवावा, याचा हिशेब मांडून पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

मोकळ्या मैदानावर तात्पुरता वळणदार मार्ग आखायचा, त्यावर गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचे, असा हा साधा खेळ आहे. स्पर्धा दुसऱ्या गाडीला धडकून पुढे जाण्याची नसून वेळेशी असते. अमेरिकेत तो बहुधा डांबरी किंवा काँक्रीटच्या विस्तीर्ण वाहनतळावर शंकू मांडून खेळतात. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटले की गवताळ शेत डोळ्यांपुढे येते, तर भारतात बहुतांश ऑटोक्रॉस मातीवर होतात. देशातील मोटार क्रीडेचे नियमन करणारी एफएमएससीआय ही संघटना राष्ट्रीय पातळीवरील ऑटोक्रॉस स्पर्धांचे नियम ठरवते. कवठे महांकाळच्या तरुणाला मोटार क्रीडेचे वातावरण जवळून पाहायचे असेल, तर कोल्हापूर फार लांब नाही. तेथील मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत.

ऑटोक्रॉसमध्ये सरळ पट्टा क्वचितच लाभतो. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि वेग घेणे, ब्रेक लावणे, वळणे हे चक्र मिनिटभरात अनेकदा घडते. त्यामुळे सर्वाधिक वेगापेक्षा गाडी किती चटकन वेग घेते, किती चटकन तो सोडते आणि खडबडीत जमिनीवर चाक किती घट्ट टेकलेले राहते, यावर निकाल ठरतो. या तिन्ही गोष्टींचा चाकाशी थेट संबंध आहे.

धाव, आरे आणि तुंबा

जुन्या लाकडी बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणले, तर त्यामागील शास्त्र सहज उमगते. मध्यभागी तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना पुठ्ठ्यांचे वर्तुळ आणि त्यावर लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव. हे चाक पुढे सरकते तेव्हा ते दोन कामे करते. गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. तुंब्याचे वजन जवळजवळ नुसते पुढे जाते. धावेचे वजन मात्र पुढेही जाते आणि मोठ्या वर्तुळात गरगरा फिरतेही. म्हणून तुंब्यातील एक किलोपेक्षा धावेतील एक किलो हलवायला आणि थांबवायला अधिक ताकद लागते.

मोटारीच्या चाकात धावेची जागा टायरने घेतली आहे. धातूचे रिम त्याच्या आत, मध्याच्या अधिक जवळ असते. वेग घेताना रिमवरील एक किलो हे गाडीच्या अंगावरील साधारण सव्वा ते दीड किलोइतके, तर टायरमधील एक किलो साधारण पावणेदोन किलोइतके भारी पडते. चाकातील एक किलो म्हणजे अंगावरचे आठ-दहा किलो, असे गॅरेजच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितले जाते. गणित त्याला दुजोरा देत नाही. जमिनीवर लोळणाऱ्या चाकातील कोणत्याही भागाचा भार दुपटीच्या पलीकडे जाऊच शकत नाही.

किलोचा हिशेब

चालकासह साडेसातशे किलो वजनाची एक छोटी मोटार घेऊ. प्रत्येक रिममागे दीड किलो वाचले, तर चार चाकांचे सहा किलो झाले. फिरण्याचा भाग धरून त्याचा परिणाम सुमारे आठ किलोइतका. म्हणजे एकूण वजनाच्या जेमतेम एक टक्का. नियमांत बसत असेल तर स्टेपनी, जॅक आणि डिकीतील सटरफटर सामान उतरवून याहून अधिक वजन एक पैसाही खर्च न करता कमी होते. केवळ वेग घेण्यासाठी महागडी चाके घ्यावीत, असा युक्तिवाद येथेच ढासळतो.

मग हलक्या चाकाचा खरा लाभ कोठे? तो खड्ड्यावर दिसतो. गाडीचे बहुतेक वजन स्प्रिंगांवर तोललेले असते. चाक, टायर, ब्रेक आणि हब हे भाग मात्र स्प्रिंगच्या खाली असतात. जमिनीचा प्रत्येक उंचवटा त्यांना वर फेकतो आणि स्प्रिंगने त्यांना पुन्हा खाली दाबायचे असते. हा खालचा भार जितका जास्त, तितके चाक हवेत अधिक वेळ राहते. हवेतले चाक ना वळवते, ना थांबवते, ना ओढते. छोट्या मोटारीच्या एका कोपऱ्यात असा भार पंचवीस किलो धरला, तर दीड किलोची बचत म्हणजे सहा टक्के. संपूर्ण गाडीच्या हिशेबात एक टक्का वाटणारी बचत मातीच्या मैदानावर अधिक मोलाची ठरते ती यामुळेच. अर्थात शॉकअॅब्सॉर्बर गळके असतील, तर हाही लाभ पदरात पडत नाही.

व्यास वाढला, जोर घटला

चाके बदलताना होणारी सर्वांत महाग चूक वजनापेक्षाही व्यासाची असते. मारुती ८०० ला १४५/७० आर १२ हे टायर येत असे. त्यातील १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि १२ हा रिमचा इंचांतील व्यास. या टायरचा पूर्ण व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर भरतो. गाडी उठून दिसावी म्हणून कोणी तिला १४ इंची रिम आणि १५५/६५ आर १४ टायर बसवले, तर व्यास ५५७ मिलिमीटर होतो. चाक जवळपास दहा टक्क्यांनी मोठे झाले. इंजिन तेच, गिअर तेच, पण जमिनीवर पोहोचणारा जोर सुमारे नऊ टक्क्यांनी घटला. ज्या गाडीच्या ७९६ सीसी इंजिनाची ताकदच मुळात बेताची, तिच्या दृष्टीने हा तोटा फार मोठा आहे. शिवाय मोठे टायर जड असते, ते मडगार्डच्या आतील बाजूला घासते आणि गाडीची उंची वाढल्याने ती वळणावर अधिक कलते.

लहान चाकाने कमीपणा येत नाही, याची साक्ष इतिहास देतो. ब्रिटनची मिनी ही मोटार १९५९ साली अवघ्या १० इंची चाकांवर बाजारात आली. तिच्याच मिनी कूपर आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मोंटे कार्लो रॅली जिंकली, तीही कितीतरी मोठ्या आणि ताकदवान गाड्यांना मागे टाकून. नियम सरळ आहे. ब्रेकच्या कॅलिपरभोवती पुरेशी मोकळीक राहील असे लहानात लहान रिम आणि कंपनीने दिलेल्या टायरइतका किंवा त्याहून किंचित कमी व्यास, ही ऑटोक्रॉससाठी सर्वांत सुरक्षित निवड होय.

लोखंडी की अलॉय?

अॅल्युमिनिअम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचे असते, म्हणून अलॉय चाक हलके असणारच, असा समज आहे. पण अॅल्युमिनिअमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच असतो. तेवढाच भार पेलण्यासाठी धातूची जाडी वाढवावी लागते आणि वजनातील फायदा बराचसा आटतो. साच्यात रस ओतून केलेले स्वस्त अलॉय चाक अनेकदा कंपनीच्या पत्र्याच्या रिमइतकेच, कधी त्याहूनही जड भरते. त्यात मूळ मापापेक्षा एक-दोन इंच मोठे घेतले, तर जड भरण्याचीच शक्यता अधिक.

अलॉय चाकांमध्येही प्रकार आहेत. साधे ओतीव चाक सर्वांत स्वस्त. ओतल्यानंतर तापलेल्या अवस्थेत रिमचा भाग रोलरखाली लाटून पातळ व मजबूत केलेले चाक त्याच्या वरच्या पायरीवर. घन धातू प्रचंड दाबाखाली घडवून केलेले फोर्ज्ड चाक सर्वांत हलके, सर्वांत बळकट आणि सर्वांत महाग. जपानच्या रेज कंपनीने १९९६ साली आणलेले टीई ३७ हे फोर्ज्ड चाक या जगात दंतकथा बनले आहे. १५ इंच व्यासाच्या आणि ६ इंच रुंदीच्या या चाकाचे वजन ३.७ किलो होते आणि नावातील ३७ हा आकडा त्यावरूनच आला. मात्र अशा एका जोडीच्या किमतीत आपल्याकडे चालती जुनी मारुती मिळून जाईल. बेताच्या खर्चात बसणारा हा मार्ग नव्हे.

त्यामुळे खरी निवड कंपनीचे पत्र्याचे रिम आणि मूळ मापातील चांगले ओतीव अलॉय यांच्यात उरते. जाहिरातीतील शब्दांपेक्षा येथे वजनकाटा अधिक प्रामाणिक असतो. बेदाण्याच्या व्यवहारात वाढलेल्या या तालुक्यात पेट्या तोलण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा शोधायला दूर जावे लागत नाही. टायर न बसवलेले रिम त्या काट्यावर ठेवून जुन्याशी तुलना करावी. जो विक्रेता वजन करू देत नाही, त्याचे चाक हलके असण्याची शक्यता कमीच.

माळावरचा दगड

कवठे महांकाळच्या परिसरातील माळरान मुरमाड आणि दगडगोट्यांचे आहे. गाड्या एकाच वळणावरून पुन्हा पुन्हा गेल्या की वरची माती उडते आणि खालचा दगड उघडा पडतो. त्यावर चाक आदळले तर पत्र्याचे रिम वाकते. वाकलेली कड हातोड्याने सरळ करून दिवस निभावता येतो. अलॉय चाक मात्र वाकण्याऐवजी तडकू शकते. तडकलेले चाक वेगात तुटले, तर गाडी चालकाच्या हाती राहत नाही. तडकलेल्या अलॉयला वेल्डिंग करून पुन्हा वापरणे किंवा वाकलेले अलॉय तापवून ठोकणे म्हणूनच धोक्याचे आहे. कारखान्यात उष्णता देऊन धातूला आणलेला कणखरपणा त्या आंचेने नाहीसा होतो आणि वरून रंग दिला की दोष झाकला जातो.

टायरची भिंत जितकी उंच, तितके रिम सुरक्षित. मूळ स्विफ्टच्या १६५/८० आर १४ टायरची भिंत सुमारे १३ सेंटिमीटर उंच असते. तिच्याऐवजी १९५/५० आर १६ बसवले, तर ती पावणेदहा सेंटिमीटरवर येते. दगड आणि रिम यांच्यामधील तीन सेंटिमीटरहून अधिक रबर हौसेपायी गेले, असा त्याचा अर्थ. मातीच्या मैदानासाठी मूळ मापाचे पत्र्याचे रिम आणि उंच भिंतीचे टायर, ही जोडी दिसायला साधी असली तरी कामाला चोख आहे.

मापे जुळवणे

दुसऱ्या गाडीची चाके स्वस्तात मिळाली म्हणून ती आपल्या गाडीला बसतीलच असे नाही. पुढील चार गोष्टी तपासणे अटळ आहे.

पहिली गोष्ट पीसीडी, म्हणजे स्टडच्या छिद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. मारुती ८००, झेन, एस्टीम या जुन्या मारुतींत चार स्टड आणि ११४.३ मिलिमीटर असे माप आहे. स्विफ्ट आणि सँट्रोचे माप १०० मिलिमीटर. चार छिद्रांच्या चाकात समोरासमोरील दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर म्हणजेच पीसीडी, ते घरच्या पट्टीनेही मोजता येते. दोन पीसीडीची आठ छिद्रे पाडलेले सर्वसमावेशक चाक शक्यतो टाळावे.

दुसरी गोष्ट मधले छिद्र. ते हबच्या उंचवट्यावर घट्ट बसले पाहिजे. मोठे असेल तर योग्य मापाची कडी घालावी लागते, अन्यथा स्टिअरिंग थरथरते.

तिसरी गोष्ट ऑफसेट. चाकाची हबवर टेकणारी बाजू त्याच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. चाके बाहेर काढून गाडी रुंद दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्यामुळे बेअरिंगवर ताण येतो, स्टिअरिंग जड होते आणि खड्ड्यात ते हाताला हिसका देते. स्पेसर घालून ऑफसेट जुळवणे हा उपाय त्याहून वाईट.

चौथी गोष्ट नट. पत्र्याच्या रिमचे नट अलॉयला चालतीलच असे नाही. नटाचा उतार आणि छिद्राचा उतार सारखा हवा. अलॉयची जाडी अधिक असल्याने स्टड अपुरा पडू शकतो. स्टडच्या व्यासाइतकी तरी आटी नटात जायला हवी. १२ मिलिमीटर व्यासाच्या आणि सव्वा मिलिमीटर अंतराच्या आटीसाठी हे सुमारे दहा फेरे होतात. बोटाने नट फिरवताना हे फेरे मोजावेत. शेवटी नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच, टॉर्क रेंचने आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा पाहावेत.

जुन्या बाजारातील पारख

सांगली, मिरज, कोल्हापूर येथील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत कंपनीची मूळ रिम मिळतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तोवर तीन दशके ती बनत असल्याने तिच्या रिमचा तुटवडा नाही. घेताना रिम गाडीला लावून चाक जॅकवर उचलावे, शेजारी एक खिळा स्थिर धरावा आणि चाक हाताने फिरवावे. खिळा आणि कड यांच्यातील अंतर कमी-जास्त झाले, तर रिम वाकलेले आहे. स्टडची छिद्रे लांबट झाली आहेत का, मधला पत्रा आणि कड यांच्या वेल्डिंगजवळ तडा आहे का, हे रंग व गंज खरवडून पाहावे. ट्यूबलेस टायर वापरायचे असेल, तर टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा रिममध्ये आहे याची खात्री करावी.

अलॉयच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये. केसाइतका बारीक तडा शोधण्यासाठी रंगीत द्रव लावून करायची पेनेट्रंट चाचणी ओतकामाच्या कारखान्यांत परिचयाची आहे आणि कोल्हापूर-सांगलीचा पट्टा तर ओतकामासाठीच प्रसिद्ध आहे. नवे चाक घेताना त्यावर ओतलेली भारमर्यादा, माप आणि आयएसआय किंवा जपानचे जेडब्ल्यूएल हे मानक चिन्ह पाहावे. ज्या चाकावर बनवणाऱ्याचे नावही नाही, ते कितीही स्वस्त असले तरी महागच पडते.

पैसा कोठे घालावा?

मर्यादित पैशांत प्राधान्याचा क्रम स्पष्ट आहे. आधी प्रमाणित हेल्मेट, पट्टे आणि त्या गटाच्या नियमात सांगितलेली सुरक्षा साधने. त्यानंतर ब्रेक, बेअरिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर. मग टायर, कारण जमिनीला टेकतो तो टायर. रिमचा नंबर त्यानंतरचा. पत्र्याच्या मूळ रिमचा दुसरा जोड घेऊन त्यावर मातीसाठीचे टायर कायमचे चढवून ठेवणे, हा सर्वांत काटकसरीचा मार्ग आहे. घरची गाडी एकच असेल, तर रस्त्याची चाके वेगळी राहतात. मैदानात रिम वाकले तरी सोमवारी दवाखान्याला किंवा बाजाराला जाण्यासाठी गाडी उभी असते. स्पर्धेआधी त्या गटाचे नियमही वाचावेत. काही गटांत मूळ मापाखेरीज दुसरे चाक चालत नाही.

रस्ता आणि मैदान

सांगली जिल्ह्यातील कारागिरांच्या हाताला कसब आहे, हे वेगळे सांगायला नको. देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून बनवलेली छोटी जीप २०२१ साली देशभर गाजली आणि आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. मात्र नियमांत न बसणारी ती गाडी अधिकारी आज ना उद्या थांबवतील, असेही त्यांनी तेव्हाच म्हटले होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. म्हणून स्पर्धेसाठी केलेले बदल मैदानापुरतेच ठेवणे शहाणपणाचे.

कवठे महांकाळवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग रुंद झाला, तसा तेथे वेगाचा मोहही वाढला. महामार्गावर समोरून येणाऱ्या दुचाकीवर कोणाचे तरी सारे घर बसलेले असते. ऑटोक्रॉसच्या मैदानात मात्र मार्ग आखलेला असतो, प्रेक्षक दूर असतात, रुग्णवाहिका उभी असते आणि चुकीची शिक्षा बहुतेकदा काही सेकंदांवर भागते. वेगाची हौस भागवण्यासाठी तीच जागा योग्य आहे. तेथे जाण्यासाठी महागडी चाके लागत नाहीत. लागते ते काट्यावर तोललेले, नीट मापलेले, तडा नसलेले आणि नट व्यवस्थित आवळलेले साधे चाक.